प्रॉप बदलल्यावर रेसिंग आरसी बोट पुन्हा कशी जुळवायची

नवा प्रॉप, म्हणजे बोटीला पुढे ढकलणारा पंखा, लावून आरसी (रेडिओवर चालणारी) बोट पाण्यात सोडली की पहिल्या दोन फेऱ्यांत बरंच काही दिसतं. वेग दिसतो, नाक उचललेलं दिसतं, वळणावर शेपूट घसरते तीही दिसते. काठावरून अजिबात दिसत नाही तो बॅटरीतून ओढला जाणारा करंट. आणि प्रॉप बदलल्यावर जे काही जळतं ते त्याच्यामुळेच जळतं: आधी ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट), मग मोटर, आणि अधूनमधून लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) फुगते ती वेगळीच. म्हणून या लेखातला क्रम ठरलेला आहे. आधी भार, मग बोटीची पाण्यावरची बसणी, सगळ्यात शेवटी वेग. बहुतेक जण नेमकं उलट करतात. जीपीएसवरचा आकडा आवडला की तसंच पळवत राहतात, आणि चौथ्या मिनिटाला बोट तलावाच्या मधोमध गप्प होते.

उदाहरणासाठी एकच बोट धरू या, म्हणजे आकडे नीट बोलतील. 90 सेंमी लांबीची, खोल व्ही तळाची इलेक्ट्रिक मोनो, म्हणजे एकाच तळाची बोट. 4एस (चार सेलची, 14.8 व्होल्टची) 5000 एमएएच लायपो, 2000 केव्हीची (एका व्होल्टला मिनिटाला 2000 फेरे घेणारी) ब्रशलेस मोटर, 120 अँपिअरचा वॉटरकूल्ड ईएससी, मोटरचे फेरे प्रॉपपर्यंत नेणारी 3/16 इंची लवचिक फ्लेक्स केबल, आणि मागे वर-खाली सरकणारा, तिरका करता येणारा स्ट्रट, म्हणजे प्रॉपचा शाफ्ट धरणारा आधार. बोटीसोबत आलेला प्रॉप 40 मिमीचा, प्लास्टिकचा. आता बसवायचाय 42 मिमीचा धातूचा. कॅटामरान (जोडतळी बोट) आणि आउटरिगर (बाजूला तरंगते बाहू असलेली बोट) यांची मापं वेगळी असतात, पण क्रम तोच.

दोन मिलिमीटरची किंमत

ऑक्ट्युरा कंपनीच्या एक्स मालिकेतल्या प्रॉपचा नंबर वाचता आला की अर्धं काम होतं. एक्स442 म्हणजे 42 मिमी व्यास आणि व्यासाच्या 1.4 पट पिच. एक्स640 म्हणजे 40 मिमी व्यास, 1.6 पट पिच. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त सीएनसी प्रॉपवरही याच धर्तीचे आकडे कोरलेले असतात, 4214 असे. पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रॉप कागदावर जेवढा पुढे जायला हवा तेवढं अंतर. आपल्या नव्या प्रॉपची पिच 42 गुणिले 1.4, म्हणजे 58.8 मिमी.

मोटरचे विनाभार फेरे काढायचे तर केव्हीला व्होल्टने गुणा. 2000 गुणिले 14.8, म्हणजे मिनिटाला 29,600. पिच (मिमी) गुणिले फेरे गुणिले 60, भागिले दहा लाख, की ताशी किलोमीटर मिळतात. जुन्या प्रॉपचे (पिच 56 मिमी) येतात 99.5, नव्याचे 104.4. पाण्यावर प्रत्यक्षात यातले 75 ते 80 टक्के हाती लागले तरी पुष्कळ, कारण भाराखाली फेरे पडतात आणि प्रॉप थोडा घसरतोच.

म्हणजे कागदावरचा फायदा पाच टक्के. आता खर्च बघा. एकाच आकाराच्या प्रॉपमध्ये फेरे तेवढेच धरले, तर लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. 42 भागिले 40 म्हणजे 1.05, आणि त्याचा पाचवा घात साधारण 1.28. वेग पाच टक्के, भार अठ्ठावीस टक्के. प्रत्यक्षात भार वाढला की फेरे थोडे उतरतात, त्यामुळे करंट पूर्ण तेवढा वाढत नाही. पण दुसऱ्या बाजूने धातूचा प्रॉप त्यात भर घालतो. प्लास्टिकची पाती पूर्ण थ्रॉटलला वाकतात आणि आपली पिच थोडी सोडून देतात, धातूची देत नाहीत. म्हणून 40 मिमी प्लास्टिकवरून 40 मिमी धातूवर गेलात तरी भार वाढतो. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही, कारण पाकिटावरचा आकडा तोच असतो.

एकदम 45 मिमीवर उडी मारू नका. त्याच हिशेबाने 42 वरून 45 ला 41 टक्के जास्त शक्ती लागते. घाटात स्कूटर वरच्या गिअरमध्ये ओढत न्यावी तसं होतं: इंजिन रडतं, वेग काही येत नाही.

पाण्याआधी टेबलावर

बॅटरी काढून ठेवा. प्रॉप हातात असताना मोटर फिरू शकते अशा अवस्थेत काहीही करायचं नाही. धारदार प्रॉप बोटांना काय करतो हे सांगायची गरज नसावी. ईएससीचं प्रोग्रॅमिंग किंवा थ्रॉटल कॅलिब्रेशन करायचं असेल तर प्रॉप उतरवूनच.

पहिली गोष्ट भोक. 3/16 इंच म्हणजे 4.76 मिमी. 4 मिमीचा प्रॉप त्यावर जाणार नाही, आणि 5 मिमीचा जाईल पण डगमगेल. डगमगणारा प्रॉप कितीही बॅलन्स केलेला असला तरी व्यर्थ. ड्राइव्ह डॉगचे, म्हणजे शाफ्टवरून प्रॉप फिरवणाऱ्या कडीचे, दात प्रॉपच्या खाचेत पूर्ण बसतात का तेही पाहा. अर्धवट बसले तर पहिल्याच झटक्यात खाचेच्या कडा चुरतात. नायलॉन लॉकनट नवा घ्या, तो अगदी स्वस्त असतो आणि प्रॉप त्याच्या कितीतरी पट महाग.

मग धार आणि बॅलन्स. ओतीव प्रॉप बहुधा खडबडीत आणि बोथट येतो, तो तसाच लावायचा नसतो. पात्याच्या पुढच्या कडेला धार लावायची ती फुगीर बाजूने, म्हणजे पुढे पाहणाऱ्या बाजूने. पाणी मागे ढकलणाऱ्या आतल्या बाजूला कानस लावू नका, तिथला वळसा बिघडला की पिच बिघडली. ऑक्ट्युराचे प्रॉप बेरिलियम-कॉपरचे असतात. त्याची धूळ फुप्फुसांना खरोखर घातक आहे, म्हणून कोरडं घासणं बंद. पाण्याच्या भांड्यात धरून वॉटर पेपरने घासा, तोंडावर चांगला मास्क ठेवा, आणि ते पाणी बेसिनमध्ये किंवा कुंडीत ओतू नका.

बॅलन्ससाठी चुंबकी बॅलन्सर असेल तर उत्तम. नसेल तर दोन सरळ, समपातळीतल्या ब्लेडच्या धारांवर पॉलिश केलेला दांडा ठेवूनही काम भागतं. प्रॉप आडवा धरा आणि सोडा. जे पातं खाली जातं ते जड, त्याच्या फुगीर बाजूवरून थोडं थोडं घासा. दोन्ही पाती सारखी झाली की काम संपलं असं वाटतं, पण आता प्रॉप उभा धरून सोडा. तो एकाच बाजूला कलत राहिला तर जडपणा पात्यात नाही, हबमध्ये आहे. त्या बाजूचा हब किंचित घासायचा. ही दुसरी परीक्षा बरेच जण घेत नाहीत आणि मग तीस हजार फेऱ्यांना स्टफिंग ट्यूबमधून, म्हणजे फ्लेक्सच्या नळीतून, येणाऱ्या घरघरीचं खापर फ्लेक्सवर फोडतात.

फ्लेक्स केबल तशीही बाहेर काढाच. पुसा, एखादी तार तुटून बाहेर आली आहे का ते चिमटीत ओढून पाहा, मरीन ग्रीस लावून परत घाला. परत बसवताना ड्राइव्ह डॉग आणि स्ट्रटचं मागचं टोक यांच्यामध्ये फट ठेवावी लागते. भाराखाली केबल पिळली जाते आणि आखडते. फट नसेल तर डॉग स्ट्रटवर दाबून बसतो, करंट उगाच वाढतो, बुशिंग खाल्लं जातं. जुन्या हलक्या प्रॉपला 2 मिमी पुरत असेल तर नव्या जड प्रॉपला 3 ते 4 मिमी ठेवा.

शेवटी प्रॉप हाताने सावकाश फिरवून पाहा. पात्याचं टोक रडरला, वॉटर पिकअपला (थंडाव्याचं पाणी आत घेणाऱ्या नळीला) किंवा ट्रिम टॅबला (तळाच्या मागच्या कडेच्या छोट्या पट्टीला) घासत तर नाही ना? दोन मिमी व्यास वाढला की टोक एकच मिमी बाहेर येतं, पण मुळात फट तेवढीच असेल तर तेही नडतं.

स्ट्रटची मापं, आणि एक जाड रेघ

बोट स्टँडवर अशी ठेवा की तळाची मधली कड, म्हणजे कील, समपातळीत येईल. एक स्टीलची पट्टी कीलला लावून मागे काढा, स्ट्रटच्या खालून जाईल अशी. आता दोन गोष्टी मोजा: शाफ्टचं केंद्र पट्टीच्या किती वर किंवा खाली आहे, आणि स्ट्रट पट्टीला समांतर आहे की नाही. ही जुनी मापं आधी लिहून घ्या. स्ट्रट आणि ब्रॅकेट यांच्यावरून जाणारी एक बारीक रेघ पर्मनंट मार्करने ओढा. काहीही जमलं नाही तर परत यायची वाट ही रेघच.

रेसिंग बोटीचा प्रॉप पूर्ण बुडालेला नसतो. बोट पाण्यावर उठली की तळाच्या मागून निघणारं पाणी साधारण कीलच्या पातळीला असतं, आणि शाफ्टचं केंद्र तिथेच असेल तर वरचं पातं हवेत आणि खालचं पाण्यात राहतं. मोनोसाठी सुरुवात हीच: शाफ्ट कीलला समांतर, केंद्र कीलच्या पातळीला. मोठा प्रॉप लावताना पात्याचं खालचं टोक पूर्वीइतक्याच खोलीवर राहावं म्हणून स्ट्रट एक मिमी वर घ्या. जास्त नाही.

वजनाचा मध्य तपासा. मोनोसाठी ट्रान्समपासून, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीपासून, लांबीच्या साधारण 30 टक्क्यांवर, म्हणजे आपल्या बोटीत 27 सेंमीवर. बॅटरी आत ठेवून, तळाखाली दोन बाजूंना दोन बोटांवर बोट तोलली की कळतं. दोन्ही ट्रिम टॅब तळाशी एकसारखे सपाट. बस, इथून निघायचं.

पहिली फेरी: तीस सेकंद

पाण्यावर पोचलात की पहिलं काम फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की मोटर थांबते का ते पाहणं. बोट हातात घट्ट धरून, प्रॉपपासून सगळ्यांना दूर ठेवून, ट्रान्समीटर बंद करा. थ्रॉटल शून्यावर आलाच पाहिजे. नवा प्रॉप जड आहे आणि बोट जास्त वेगवान आहे, त्यामुळे काठावर उभ्या माणसाच्या दृष्टीने धोका मागच्यापेक्षा मोठा.

बोट सोडा, हळू थ्रॉटल देत तिला पाण्यावर उठू द्या, मग सरळ रेषेत पूर्ण थ्रॉटलचे छोटे तुकडे द्या. अर्ध्या थ्रॉटलवर जपून, बराच वेळ फिरवायचं असं मनात येतं, पण ते चुकीचं आहे. अर्धवट थ्रॉटलला ईएससी सारखा करंट तोडत-जोडत असतो आणि उलट जास्त तापतो. बाजूच्या नळीतून थंडाव्याचं पाणी उडतंय ना, यावर नजर ठेवा. एकूण तीस सेकंद झाले की परत.

झाकण लगेच उघडा आणि तापमान घ्या. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर कमी आकडा दाखवतो, म्हणून मोटरवर काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा आधीच चिकटवून ठेवा आणि त्यावर नेम धरा. वॉटर जॅकेट असेल तर मोटरचं अंग थंड लागतं आणि आत तारांची वेटोळी भाजत असतात. अशा वेळी तारा बाहेर येतात त्या टोकावर मोजायचं. थर्मामीटर नसेल तर हाताचं बोट टेकवा. पाच सेकंद ठेववत नसेल तर तापमान 60 अंशांच्या आसपास किंवा वर गेलंय असं समजा.

माझ्या मर्यादा अशा: मोटर 70 पर्यंत चालेल, 80 ला थांबायचं. ईएससी 65. लायपो 55 च्या वर नको, आणि फुगल्यासारखी वाटली तर त्या दिवसाचा खेळ संपला. तीस सेकंदांतच मोटर 60 ला गेली असेल तर दोन मिनिटांची फेरी मारून खात्री करून घ्यायची काही गरज नाही. भार जास्त आहे, एवढं पुरेसं आहे.

सगळं थंड असेल तर एक मिनिट, मग दोन, मग तीन. प्रत्येक वेळी तेच मोजमाप.

करंट मोजायला टेलिमेट्री (बोटीतून रेडिओवर येणारी मोजमापं) हवीच असं नाही. तीन मिनिटं पळवा, मग चार्जर बॅटरीत किती एमएएच परत भरतो ते पाहा. 3000 भरले तर 3 अँपिअर-तास 3 मिनिटांत गेले, म्हणजे सरासरी 60 अँपिअर. सरळ रेषेतला करंट याच्या बराच वर असतो, कारण सरासरीत वळणं आणि ढिला थ्रॉटलही धरलेला असतो. 120 चा ईएससी आणि सरासरी 60 असेल तर मी निश्चिंत असतो. सरासरीच 85-90 दिसायला लागली की नाही. आणि 5000 च्या बॅटरीतून 4000 च्या वर काढायचं नाही, म्हणजे 60 च्या सरासरीला चार मिनिटं. जुन्या प्रॉपच्या सवयीने सहा मिनिटांचा अलार्म ठेवला असेल तर तो आजच बदला. लो व्होल्टेज कटऑफ, म्हणजे बॅटरी उतरली की मोटर तोडणारी ईएससीची सेटिंग, सेलला 3.4 व्होल्टवर.

भार जास्त निघाला तर काय? ईएससीचं टायमिंग, म्हणजे मोटरला करंट किती आधी द्यायचा ती सेटिंग, वाढवू नका. त्याने फेरे वाढतात आणि त्याबरोबर तापही. स्ट्रट आणखी एक मिमी वर घेऊन बघा. तरी भागलं नाही तर प्रॉपचा व्यास 42 चा 41 करून पुन्हा बॅलन्स करा, पाचव्या घाताच्याच हिशेबाने 11 टक्के भार उतरतो. किंवा सरळ 40 मिमी धातूचा लावा. कमीपणा मानू नका. हलका प्रॉप आणि नीट बसलेली बोट, जड प्रॉप आणि नाक पाण्यात दाबून पळणारी ओलीचिंब बोट यांच्यात शर्यत लावली तर मी पैसे कुणावर लावेन हे उघड आहे.

बसणी

ताप आटोक्यात आला की खरं काम सुरू. इथे मदतीला एक माणूस आणि एक मोबाइल हवा. मित्राला काठावर बाजूने उभं करा आणि स्लो मोशनमध्ये सरळ रेषेची फेरी टिपायला सांगा. डोळ्याला जे नुसतं थरथरणं वाटतं ते व्हिडिओत स्पष्ट उलगडतं.

पाहायचं काय? फवारा तळाच्या कुठल्या भागातून सुटतो ते. नीट बसलेली मोनो पूर्ण वेगात तळाच्या मागच्या तिसऱ्या हिश्श्यावरच पळते. फवारा बोटीच्या मध्यापासून किंवा त्याच्याही पुढून निघत असेल तर बोट ओली आहे. नव्या धातूच्या प्रॉपनंतर हे हमखास दिसतं, कारण कडक पातं शेपूट वर उचलतं आणि नाक आपोआप पाण्यात दाबलं जातं. वेग अडतो आणि करंटही वाढतो. उपाय क्रमाने: बॅटरी 5 मिमी मागे. पुरलं नाही तर आणखी 5. मग स्ट्रटचं प्रॉपकडचं टोक किंचित वर, अर्ध्या अंशाने.

टोक वर करायचं की खाली, यात गोंधळ होतो, म्हणून एकदा नीट. प्रॉप जोर लावतो तो शाफ्टच्या दिशेने पुढे. प्रॉपकडचं टोक खाली झुकलं असेल तर त्या जोराचा थोडा भाग वर जातो, शेपूट उचलते, नाक खाली. टोक वर असेल तर उलट, शेपूट बसते आणि नाक मोकळं होतं. समांतरपासून एकदोन अंशांच्या पलीकडे जावं लागत असेल तर दोष कोनात नाही, वजनात आहे.

नाक मोकळं करताना दुसऱ्या टोकाला जाऊ नका. वाऱ्याच्या एका झुळकीला नाक वर उचललं जातं आणि बोट मागे उलटते. संध्याकाळचा वारा सुटायच्या आधी बसणी संपवा, म्हणजे बोटीचा दोष आणि वाऱ्याचा दोष वेगळे कळतील.

नाक तालात वर-खाली होत असेल, एकसारखं, तर वजन मागे गेलंय. बॅटरी 5 मिमी पुढे. तेवढ्याने न थांबल्यास प्रॉपकडचं टोक अर्धा अंश खाली. सपाट पाण्यावर नाचते की फक्त लाटांवर, हे आधी पाहा. लाटांवरचं नाचणं काही प्रमाणात सोसायचंच असतं.

बोट डावी-उजवीकडे डुलायला लागली, एका चाइनवरून (तळ आणि बाजू जिथे मिळतात त्या कडेवरून) दुसऱ्या चाइनवर, की ते प्रकरण जास्त गंभीर. हे चाइन वॉक. वेग वाढला की ते वाढत जातं आणि शेवटी बोट कुशीवर आपटते. मोठ्या प्रॉपने बोट आता एवढी वर उचलली गेलीये की तळाची फार अरुंद पट्टी पाण्यात उरली आहे. स्ट्रट एक मिमी खाली घ्या, किंवा दोन्ही ट्रिम टॅबच्या मागच्या कडा अर्धा मिमी खाली वाकवा. अर्धाच. टॅब म्हणजे ब्रेकच आहे, जास्त वाकवलात तर चाइन वॉक जाईल आणि प्रॉपने कमावलेला वेगही जाईल.

एकाच बाजूला कलणं निराळं. आरसी बोटीचे नेहमीचे प्रॉप मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, आणि प्रतिक्रिया म्हणून बोटीची उजवी बाजू पाण्यात दाबली जाते. जुन्या प्रॉपलाही ती दाबली जात होती, फक्त कमी. त्याच प्रॉपमुळे शेपूट डावीकडे सरकते आणि नाक उजवीकडे ओढ घेतं. उपाय सोपा आहे. उजव्या टॅबची मागची कड अर्धा मिमी खाली, किंवा बॅटरी काही मिमी डावीकडे. नाकाची ओढ शेवटी रडरच्या ट्रिमने सरळ करा. आधी ट्रिमने सरळ करायला गेलात तर रडर कायम तिरका राहील आणि पाण्यात ब्रेकसारखा ओढला जाईल.

थ्रॉटल दिल्यावर मोटर किंचाळते आणि बोट जागची हलत नाही, असं झालं तर प्रॉप पाण्याऐवजी हवा घुसळतोय. स्ट्रट एक मिमी खाली. तरी तेच असेल तर पात्याची धार तपासा, बहुधा कुठे तरी दगडाला लागून कड दुमडलेली असते.

या सगळ्यात एकच नियम मोडू नका: एका वेळी एकच बदल. बॅटरी हलवली आणि त्याच फेरीत स्ट्रटही हलवला, तर कशाने काय झालं हे तुम्हाला कळणार नाही, आणि वहीतली नोंद निरुपयोगी होईल. वही हवीच. प्रॉप, स्ट्रटची उंची, कोन, बॅटरीची जागा, पळवलेली मिनिटं, परत भरलेले एमएएच, तीन तापमानं. एका ओळीत मावतं.

वळण

अमेरिकेतल्या नॅम्बा आणि आयएमपीबीए या मॉडेल बोटींच्या संघटनांच्या ओव्हल शर्यतीत बोटी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, म्हणजे उजवीकडे वळतात. टर्न फिन, म्हणजे वळणात बोटीला पाण्यात धरून ठेवणारं पातं, उजवीकडे बसवलेला असतो तो म्हणूनच. वेग वाढला की जुन्या रडरने घेतलेलं वळण आता झटक्यासारखं येतं. ट्रान्समीटरवर रडरचा प्रवास आधी 20 टक्क्यांनी कमी करा आणि मग लागेल तसा वाढवा. वळणात शेपूट सुटत असेल तर फिन थोडा खोल घ्या. नाक रुतून बोट एकदम आत खेचली जात असेल तर फिनला दोष देऊ नका, बसणी अजून ओली आहे, वरच्या बसणीच्या भागाकडे परत जा.

पाणी कुठलं?

आपल्याकडे सगळ्यात सोपं, स्वच्छ आणि सपाट पाणी म्हणजे अस्तरीकरण केलेलं शेततळं. गवत नाही, लाट नाही. पण 30 बाय 30 मीटरच्या शेततळ्यात वेग मोजायचा विचार सोडून द्या. ताशी 80 किमी म्हणजे सेकंदाला 22 मीटर, दीड सेकंदाच्या आत समोरचा बांध येतो. तिथे फक्त बॅलन्स, गळती, फेलसेफ, थंडाव्याचं पाणी आणि हलक्या थ्रॉटलवरचं उठणं तपासा. बोट मधे थांबली तरी तळ्यात उतरू नका, पट्टीचे पोहणारेही नाही. ओल्या प्लास्टिकच्या उतारावरून बाहेर येता येत नाही, आणि शेततळ्यांत माणसं बुडतात ती तशीच. मासेमारीच्या गळाला टेनिस बॉल बांधून पलीकडे फेकायचा आणि बोट ओढून आणायची. काठावर गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब हवीच.

पूर्ण वेगासाठी मोठा तलाव लागतो. पिण्याच्या पाण्याचा तलाव नको, पक्ष्यांची वस्ती असलेला नको, आणि ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी आधी. शहरांजवळच्या तलावांत जलपर्णीचा त्रास असतो. तिचा एक तंतू प्रॉपला गुंडाळला की करंट क्षणात दुप्पट होतो, आणि तुम्हाला फक्त आवाज बसलेला ऐकू येतो. आवाज बसला की थ्रॉटल सोडायचाच, बोट काठापर्यंत आणायचा मोह नको. खाऱ्या पाण्यात पळवणार असाल तर फ्लेक्स, बुशिंग आणि रडरच्या पिना त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा.

इंटरनेटवर इंग्लंड-जर्मनीतल्या बोटी याच मोटरवर मोठा प्रॉप लावून आरामात पळताना दिसतात. तिथलं पाणी बहुतेक वेळा आपल्यापेक्षा बरंच थंड असतं. एप्रिल-मेमध्ये आपल्या उथळ तळ्याचं पाणी दुपारी तिशीच्या वर गेलेलं असतं, आणि ईएससीला थंड करायला तेच पाणी जातं. डिसेंबरच्या सकाळी बसवलेली जुळणी उन्हाळ्यात जशीच्या तशी वापरू नका. पुन्हा तीस सेकंदांपासून मोजत या, आणि मोटर 70 ओलांडत असेल तर 42 काढून 40 मिमी लावा.